ओढ्याकाठचा फीडर

ओडेलचा तिसरा ठोसा बसला तेव्हा केर्नच्या जबड्यातून कड्कन आवाज आला. केर्न स्वतःच्याच गाडीवर आदळला आणि खाली घसरला.

"माझा भाऊ कुठंय?" ओडेलने विचारलं.

केर्न रक्त थुंकला. त्याबरोबर एक दातही धुळीत पडला. "घरी. मंगळवारी संध्याकाळी तो घरी गेला, माझ्या डोळ्यांदेखत. त्याची गाडी सकाळी माझ्या फाटकाशी कुणी आणून लावली, ते मला काय विचारतोस?"

ओडेलने त्याच्या बरगडीत बूट घातला आणि तो आपल्या शिकारी सामानाच्या दुकानात परतला.

रॉइसला बेपत्ता होऊन तीन दिवस झाले होते. मंगळवारी दुपारी त्याची आणि शेजारच्या केर्नची जुंपली होती. हंगामाआधीच चोरून मारताना हरणाला गोळी लागली एकाच्या हद्दीत, ते पडलं दुसऱ्याच्या, आणि दोघेही एकमेकांच्या उरावर बसले. शेरीफ म्हणत होता, जाणता माणूस आहे, गेला असेल कुठेतरी. पण हरणांच्या शिकारीचा हंगाम आठ दिवसांवर आला असताना रॉइस हॅचर गाव सोडेल, हे बायबलवर हात ठेवून कुणी सांगितलं असतं तरी ओडेलला पटलं नसतं. मरताना आईने धाकट्याचा हात त्याच्या हातात दिला होता. रॉइस मेलाच असेल, तर निदान आईशेजारी पुरायला मिळावा. ओडेलला आता तेवढंच हवं होतं.

तो सोललेल्या बोटांना फडकं गुंडाळत होता, तोच मार्लीन आत आली. रॉइसची बायको. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. शिडीवरून पडले, असं तिने महिनाभर सगळ्यांना सांगितलं होतं आणि सगळ्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं होतं. रॉइसच्या पट्ट्याला रोडिओच्या बैलस्वारीत जिंकलेलं बशीएवढं चांदीचं बक्कल होतं. ते घरात कुणाच्या अंगावर उमटतं, हे गावाला पुरेपूर ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी ती फुटलेलं डोकं घेऊन ओडेलच्या दारात आली होती. ओडेलने जखम बांधली, कॉफी पाजली आणि तिला गाडीत बसवून परत रॉइसकडे सोडून आला. आपलेच दात, आपलेच ओठ. त्या दिवसाची लाज अजून त्याच्या मनातून गेली नव्हती.

"फीडर हवाय," ती म्हणाली. "ओढ्याकाठी, पेकानच्या झाडाला लावायचाय. हंगामाला हरणं यायला हवीत ना."

रॉइस परत येईल अशी वेडी आशा ही अजून धरून आहे, या विचाराने ओडेलला भरून आलं. त्याने तिला दुकानातला सगळ्यात चांगला फीडर दाखवला. तीन उंच पायांवर पिंप, खाली टायमर आणि सकाळ-संध्याकाळ मका उधळणारी चकती. आठवड्यात हरणं त्या आवाजाला सरावतात, तो सांगत होता. भोवती कमरेएवढ्या लोखंडी जाळ्यांचं कुंपण घालायचं. हरीण त्यावरून उडी मारून आत येतं, रानडुकरं बाहेर राहतात.

मार्लीनने ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातल्या एका बादलीवर बोट ठेवलं. फांदीला टांगायचा, सगळ्यात स्वस्त फीडर.

"तो नको. खाली लोंबतो. डुकरं येतील."

"उंच टांगला तर एका हाताने भरू कसा?"

"मग निदान जाळ्या तरी ने. मक्याची चटक लागली की ती मेली हलत नाहीत. मागच्या साली मी मचाणाखाली बूट विसरलो. चांगले कातडी बूट. सकाळी बघतो तर नुसते खिळे."

"जाळ्या ठोकायला घरात माणूस लागतं, ओडेल."

पालथ्या घड्यावर पाणी. तिने ती बादली घेतली आणि वर मक्याची सहा पोती. दोन पुरतील, असं ओडेल म्हणाला. लागतील, एवढंच ती म्हणाली.

पुढच्या बुधवारी दुपारी ओडेलने आठ जाळ्या गाडीत घातल्या आणि तिला न कळवता ओढ्याकाठी गेला. तिच्यासाठी एवढं तरी करावं, असं त्याला वाटलं होतं.

पेकानखालची जमीन नांगरल्यासारखी झाली होती. हरणाचं एकही पाऊल नव्हतं, सगळीकडे डुकरांचे खूर. चरफडत त्याने जाळ्या उतरवल्या आणि खांबासाठी पहार मारली. ती ठण्णकन वाजली. त्याने हाताने चिखल बाजूला केला.

बशीएवढं बक्कल होतं. रोडिओचं साल आणि भावाचं नाव त्यावर कोरलेलं होतं. मागे वीतभर कातडं, चावून तोडलेलं. त्याच्या शेजारी आणखी काही होतं, त्याकडे त्याने एकदाच पाहिलं.

ओडेल चिखलात गुडघ्यांवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. केर्न खरं बोलला होता.

पाठीमागे पावलं वाजली. मार्लीन उतारावरून येत होती. तिच्या डाव्या हातात कपभर कॉफी होती.

"हे घे," ती म्हणाली. "त्याने पट्टा काढला, मी बंदूक उचलली. कॉफी पी, मग मला गाडीत घाल आणि शेरीफकडे सोड. सोडणं तुला जमतं."

ओडेलने कप घेतला. कॉफी त्याने सावकाश संपवली. बक्कल त्याने खिशात टाकलं, डोळे पुसले आणि झाडाला टांगलेल्या बादलीत काठोकाठ मका भरला.

मग आठही जाळ्या एकेक करून त्याने परत गाडीत चढवल्या.