शेवटचा खाऊ

आईला घेऊन गेलेल्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी तिने प्रयोगशाळेत निगुतीने वाढवल्या होत्या, त्या फक्त सूड उगवायला.

"काय गं, लेकरांना खाऊ घातलास का?" मैत्रिणीने चिडवलं.

"घालतेय ना, शेवटचा!" म्हणत तिने पेशींच्या बशीत नवं औषध सोडलं.

दुसऱ्या दिवशी तिने बशी सूक्ष्मदर्शकावर ठेवली आणि भिंगातून पाहिलं. तळाला घट्ट चिकटून बसणाऱ्या त्या पेशी आक्रसून गोल झाल्या होत्या, एकेक करत तळ सोडून तरंगत होत्या.

"मरा मेल्यांनो! माझ्या आईला छळता काय?" ती दातओठ खात म्हणाली. संध्याकाळपर्यंत एकही पेशी जिवंत उरली नाही.

बशी टाकून द्यायला ती उठली, पण डब्यापाशी जाऊन तिने ती उराशी धरली.


आईचं म्हणून या जगात जिवंत असं तेवढंच उरलं होतं.