कर्स्टीला थंडी वाजते

“याला झगा म्हणायचं? माझा हातरुमाल याहून मोठा असेल!” आजीने दातांनी दोरा तोडला.

कर्स्टीच्या चंदेरी झग्याचा खांद्यावरचा बंद तुटला होता. आजीने तो हिरव्या दोऱ्याने शिवून दिला होता. आजी कामाला होती ती कापडगिरणी बंद पडली तेव्हा तिने तिथून हिरव्या दोऱ्याचं अख्खं खोकं उचलून आणलं होतं. तेव्हापासून या घरात मोजे, पडदे, उशा, जे काही उसवेल ते हिरव्यानेच सांधलं जायचं.

“चंदेरीवर हिरवं दिसतंय, आजी.”

“तुझं एवढं सगळं दिसतंय, त्यात माझा टाका कोण बघतंय? बाहेर डबकी गोठलीत. कोट घे.”

दाराशी तीन खुंट्या होत्या. एकीवर आजीचा कोट, एकीवर कर्स्टीचा. मधली रिकामी. कर्स्टीने तिकडे क्षणभर पाहिलं आणि उघड्या दंडांनीच ती बाहेर पडली.

न्यूकॅसलच्या पोरी शनिवारी रात्री कोट घालत नाहीत. बर्फ पडो, नाहीतर वारा कान कापून नेवो! कोट घालते ती कोणाची तरी आई, नाहीतर इंग्लंडच्या दक्षिणेकडची पाहुणी. आणि कुडकुडायचं तर मुळीच नाही. त्यातही कर्स्टीची ख्याती वेगळीच. दरवर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी ती बाबांचा हात धरून समुद्रात उडी घ्यायची, अगदी लहान होती तेव्हापासून. बाबा गेले, त्या वर्षीही तिने उडी चुकवली नव्हती.

चौकात तिची मैत्रीण जेम्मा उभी होती. गुडघे जांभळे, पण लिपस्टिक एकदम झकास.

“कॅलम येणारे. माहितीये ना तुला?”

“म्हणून तर आले.”

“हे बघ, पुन्हा रडबिड नको हं. आमचीही काही इज्जत आहे!”

कॅलमने तिला उन्हाळ्यात सोडलं होतं. त्याचं एवढं काही नाही, पोरं सोडतात. पण प्रेमात कर्स्टी नको तितकं देऊन बसली होती. नंतर ती दोनदा त्याच्या दाराशी गेली. दोन्ही वेळा त्याने तिला पायरीवरच उभं केलं. “नीट विनव, मग बघू,” म्हणाला. तिने विनवलं, रडलीसुद्धा. त्याने हसत दार लावून घेतलं. वर गावभर सांगत सुटला, कर्स्टी माझ्यावाचून मरतेय म्हणून. तेव्हाच तिने ठरवलं होतं. उट्टं काढायचं, आणि तेही चारचौघांत.

क्लबबाहेर लांबलचक रांग होती. नुसत्या शर्टातल्या मित्रांच्या घोळक्यात कॅलम एकटाच तपकिरी चामड्याचं जॅकेट घालून, कॉलर वर करून उभा होता. राजपुत्रच जणू!

“आली बघा!” तो ओरडला. “काय गं, आज इथेच विनवणार का?”

कर्स्टी हसली. मग तिचे दात वाजायला लागले. आधी हळू, मग चांगले कडकड.

जेम्माने डोळे विस्फारले. “ए, तुला थंडी वाजतेय? तुला?”

“खूप गं.” कर्स्टीने दंड चोळले. “कॅलम, तुझं जॅकेट दे ना. प्लीज.”

रांगेत हशा पिकला. “समुद्रवाली गारठली रे!” कोणीतरी शिट्टी मारली. जेम्माने तोंडच फिरवलं. “नाक कापलंस आमचं.”

कॅलम मात्र हसला नाही. त्याने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. “दुसऱ्या कोणाचं तरी घे.”

“दुसऱ्या कोणाकडे आहे?”

नव्हतंच कोणाकडे. आणि कुडकुडणाऱ्या पोरीला जॅकेट नाकारणारा पोरगा या शहरात तोंड वर करून फिरू शकत नाही. दिलेलं परत मागणारा तर त्याहून गेलेला.

“दे की रे, चिकट्या!” मागून एक बाई ओरडली. “आईने काही शिकवलंय की नाही?”

त्याचेच मित्र टाळ्या पिटायला लागले. “दे! दे! दे!”

दारावरचा आडदांड बाउन्सरही वैतागला. “देऊन टाक रे बाबा. माझ्या दारात मढं नको.”

कॅलमचे कान लालभडक झाले. त्याने खिशांतून फोन, पाकीट, किल्ल्या काढून घेतल्या आणि जॅकेट उतरवलं. “आत गेलो की लगेच परत दे हां.”

“ओऽऽऽ! परत मागतोय!” अख्खी रांग खिदळली.

कर्स्टीने जॅकेट चढवलं. बाह्या बोटांच्याही पुढे आल्या. तिने कॉलरमध्ये नाक खुपसलं. दात वाजायचे एकदम थांबले. मग ती रांगेतून बाहेर पडली आणि सरळ टॅक्सीकडे चालू लागली.

“ए! कुठे निघालीस?”

“घरी. थंडी फार आहे बाई आज.” टॅक्सीचं दार उघडून ती वळली. “उद्या माझ्या दाराशी ये. नीट विनव, मग बघू.”

तो दोन पावलं धावला. मागून अशी काही हुर्यो उठली की जागच्या जागी खिळला. पातळ शर्टात, हात काखेत दाबून, दात कडकड वाजवत. टॅक्सीच्या मागच्या काचेतून कर्स्टीने तो दिसेनासा होईपर्यंत पाहून घेतलं. अगदी पोटभर!

आजी अजून स्वयंपाकघरात बसली होती. “एवढ्यात आलीस? गारठलीस ना? सांगत होते, कोट घे म्हणून...”

कर्स्टीने जॅकेट काढलं आणि मधल्या खुंटीला अडकवलं.

आजी उठली. चष्मा लावून तिने जॅकेटचं अस्तर हळूच उलटलं. डाव्या काखेत हिरवे टाके होते, तिने आपल्या लेकासाठी घातलेले.