ट्रेबल शेवटाला

जुन्या कॅसेटी डिजिटल करणाऱ्या कन्व्हर्टरच्या पडद्यावर ट्रेबलचा, म्हणजे बारीक चढ्या सुरांचा, आकडा शेवटाला पोचला, तरी तंबोरे बनवणाऱ्या दगडूनानांना स्पीकरमधून बोदा आवाजच येत होता. रेकॉर्डिंग त्यांच्याच हातच्या तंबोऱ्याचं होतं. तारेचा तो झंकार, ती जवारी, गेली कुठे?

"डबाच भिकार आहे," म्हणत त्यांनी आवाज वाढवला.

सून कान झाकत आली. "नाना, कमी करा. किती कर्कश वाजतंय."

"तुला जवारी ऐकू येतेय?"

"कान फाटतायत तिनं."

नानांचा हात बटणावरच राहिला. भिंतीशी गिऱ्हाइकांचे सात तंबोरे उभे होते. जवारी उमटेना म्हणून महिनाभर त्यांनी तारांखालच्या सातही घोड्या कानशीनं घासल्या होत्या.

त्यांनी पहिल्याची तार छेडली आणि सुनेकडे पाहिलं. तिचा चेहरा कसानुसा झाला.

ते दुसऱ्याकडे सरकले.