परत आलेलं पाकीट

दारावरच्या टपालपेटीत आईला आपलंच पाकीट दिसलं. भांडून घर सोडलेल्या लेकीसाठी तिने त्यावर परसातल्या तुतीची पानं रंगवली होती. आधीच्या सगळ्या पाकिटांसारखं हेही न उघडताच परत आलं. “पुरे कर आता! तिला आपलं तोंडही बघायचं नाहीये,” आतून नवरा खेकसला. तिने पाकीट फाडायलाच घेतलं, तर पानावर हिरवी अळी! एवढंच बाकी होतं. तिने नखाने झटकली, पण अळी जागची हलेना. ती रंगवलेली होती. लहानपणी लेक आईच्या चित्रांतल्या पानांवर चोरून अशाच अळ्या काढायची आणि धपाटा खाऊन वर खिदळायची, “कुणीच न कुरतडलेलं पान खोटं वाटतं गं आई!” आईने नख निरखलं. त्याला लागलेला रंग अजून ओला होता. “अहो, तिघांचा चहा टाका!” ओरडत ती अनवाणीच फाटकाकडे धावली.