शेजाऱ्याचा रकाना

इंग्लंडात मेडनहेडला येऊन सात महिने झाल्यावर देवयानीनं शेवटचं खोकं उघडलं, तर आत गल्लीच्या सूचनांचं पॅड. जपानमधल्या तिच्या आधीच्या छोट्या शहरात हे पॅड घरोघर फिरायचं. वाचून सही करायची आणि शेजारच्या मोरीआजींना नेऊन द्यायचं. निघायच्या गडबडीत ते सामानात आलं होतं. "आता कोण वाट बघतंय त्याची?" नवरा म्हणाला. तरी तिनं माफीची चिठ्ठी जोडून ते आजींना पोस्ट केलं. महिन्यानं पॅड परत आलं. गटारसफाईच्या रविवारची नवी सूचना, आणि यादीत तिचं नाव अजून तसंच. तिच्यासाठी आजींनी सोप्या जपानी अक्षरांत लिहिलं होतं, 'सही करा, शेजारी द्या.' तिच्या नावाखाली शेजाऱ्यासाठी पट्टीनं आखलेला रिकामा रकाना होता. तिनं सही केली. आठ महिने भिंतीपलीकडून खोकला ऐकू येत होता. खोकणाऱ्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं.