जगदंबेचं सोंग

“तुमच्यासाठी एक व्हिडिओ आहे, मोबाइल घेऊन या,” एवढंच सांगून स्टुडिओवाल्या ताईने लहानूला बोलावलं होतं. आता त्याचा मोबाइल वायरने कॉम्प्युटरला जोडलेला होता आणि पडद्यावरची हिरवी पट्टी सावकाश सरकत होती.

गावच्या बोहाड्यात, त्या मुखवट्यांच्या उत्सवात, देवादिकांची सोंगं निघत. त्यातलं जगदंबेचं सोंग लहानूच्या घराण्याकडे. बाप गेल्यापासून देवीचा मुखवटा चढवून तोच नाचायचा. मुखवट्याच्या भोकांतून त्याला दिसायचे फक्त संबळ वाजवणाऱ्याचे पाय. लोक पाया पडायचे, आणि आत घामाने निथळणारा लहानू खजील व्हायचा. बापाच्या अंगात देवी खरंच उतरायची. लहानपणी गर्दीत उभं राहून त्याने ती डोळ्यांनी पाहिली होती. आपण मात्र नुसतं लाकूड नाचवतो, असं त्याला वाटे.

“झालं,” म्हणत ताईने वायर काढली आणि व्हिडिओ लावून मोबाइल त्याच्या हातात दिला.

मशालींच्या उजेडात देवी आली. तीच ताठ मान, तेच तलवार फिरवणं, पाऊल पडलं की जमीन हादरावी असा तोच नाच. लहानूने घाईघाईने चपला काढल्या.

“ताई, माझ्या बापाचं हे शूटिंग तुम्हाला कुठं गावलं?”

“बापाचं कुठलं, काका? परवाच्या बोहाड्यात मीच काढलंय. तुम्हीच नाचताय की!”

लहानूने मोबाइल दोन्ही हातांनी अलगद टेबलावर ठेवला. मग बाप गेल्यावर पहिल्यांदाच तो नाचत्या देवीच्या पाया पडला.