मागचा कोपरा

गवंड्याने टेप ओढत परसाचा मागचा कोपरा गाठला. "संडासाची टाकी इथंच. बोअरपासून पन्नास फूट लांब दुसरी जागाच नाही."

"तिथं खणायचं नाही," मी म्हणाले.

मुलगा वैतागला. "आई, मग बोअर दुसरीकडे मारावा लागेल. लाख रुपये गेलेत, आणखी लाख कुठून आणू?"

"नव्या घराच्या दारातले खांब कोरून घेताना नाही रे पैसा आठवला!" माझं तोंड तिखटच. त्याने रागाने जेसीबीवाल्याला हात केला.

जेसीबी घरघरत आला, तशी मी जाऊन कोपऱ्यात मांडी घालून बसले.

"ऊठ ना, लोक बघतायत!"

"बघू देत. तुझी थोरली बहीण आहे इथं. तुझ्या बापानं आपल्या हातानं पुरली. नऊ दिवसांची होती."

इतक्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने जेसीबी थांबवला. "बोअर दुसरा मारू. वरचा मजला बांधायचा राहू दे, ते पैसे इकडे," गवंड्याला म्हणाला आणि माझ्याजवळ मातीत बसला.

"आई, नाव काय होतं तिचं?"

गावात आजवर मला कुणी गप्प केलं नव्हतं.

"बारसं बाराव्या दिवशी असतं रे," एवढंच बोलता आलं.